बिनदुधाचं सूप

नांदेडला मामाजींच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला आंध्रातल्या मुधोळच्या मराठी शाळेत शिकवायला लागून चार वर्षं झाली होती. मामाजी म्हणजे माझे सासरे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भैंशाच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभी उमर कापसाचे बोजे उचलले होते. दोन्ही वेळेला ज्वारीच्या तीन-तीन भाकरी लागणारा माणूस. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने फक्त गाळलेलं, मऊ. तिखट नाही, आंबट नाही, गुठळी नाही. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

दुधावर भागेल असं आम्हांला वाटलं होतं. पण दूध प्यायले की त्यांचं पोट बिघडायचं. आंबील आंबट म्हणून बंद. उरलं वरणाचं पाणी आणि भाताची पेज. पाचव्या दिवशी त्यांनी पेजेची वाटी भिंतीकडे सरकवली.

"काऊन वं पोरी, भाकर काऊन नाही देऊन राह्यली?"

"डॉक्टर नाही म्हणले ना, मामाजी."

"मंग राहू दे. मले भूकच नाही."

गळ्याखालची हाडं वर आली होती. माझे यजमान मंडल ऑफिसात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, कारकून होते. ते बाहेर येऊन हळूच म्हणाले, "नळी तर नळी. जीव तर वाचंल."

मी म्हटलं, "पंधरा दिवस द्या मले. मंग नळीचं पाहू."

कशाच्या भरवशावर म्हटलं, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पण मामाजींनी मला लग्नानंतर डी.एड. करू दिलं होतं. शेजारचे नावं ठेवत असताना पहिल्या दिवशी स्वतः सायकलवर बसवून कॉलेजला सोडलं होतं. त्यांच्या नाकात नळी मी सहजासहजी जाऊ देणार नव्हते.

मी तेव्हा एका मासिकाच्या वाचकांच्या पाकक्रियांच्या पानावर लिहायची. अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, असलं आपल्या घरातलं. त्याच पानावर सोलापूरकडच्या एक बाई नेहमी असत. कधी भेट नाही, पत्र नाही. पण अंक हातात पडला की आधी त्यांचं वाचायचं अशी सवय झाली होती. जुने अंक उपसताना त्यांची एक कृती सापडली. दूध नाही, साय नाही, लोणी नाही, तरी सायीसारखं दाट भाज्यांचं सूप. लाल भोपळा, गाजर, बटाटा, सेलरी आणि भिजवून वाटलेले काजू.

लाल भोपळा म्हणजे आमच्याकडचं कोहळं. ते बाजारात ढिगानं. भाजीवाली तेलुगूत गुम्मडिकाय म्हणत फोडी कापून द्यायची. गाजरं भैंशाहून मागवली. सेलरी म्हणजे काय ते किराणावाल्यालाही माहीत नव्हतं, म्हणून मी कोथिंबिरीचे देठ घेतले. काजू तो फक्त दिवाळीला ठेवायचा. मी शेंगदाणे भिजवले.

"काय करून राह्यली?" मामाजींनी खाटेवरून विचारलं.

"सूप."

"सुपात घालून मले पाखडतं का आता?"

आजारपणात ते पहिल्यांदाच काही गमतीचं बोलले होते. मला हुरूप आला. भाज्या शिजवल्या, घोटल्या, शेवटी शेंगदाण्याचं वाटण घालून उतरवलं. एक चमचा तोंडात घेतला आणि त्यांनी तोंड फिरवलं. मीही चाखून पाहिलं. कच्च्या दाण्याचा उग्र वास आणि जिभेला लागणारी कणी.

दुसऱ्या दिवशी दाणे भाजून घेतले. वास गेला, पण ती उपासाची आमटी झाली. ती घशाला घासली आणि मामाजींना ठसका लागला. पाठीवरून हात फिरवताना त्यांच्या बरगड्या हाताला लागत होत्या. 

त्याच दुपारी मधल्या सुट्टीत मी त्या बाईंना मासिकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. ओळख दिली, आजार सांगितला, काजू मिळत नाहीत हेही लिहिलं. उत्तराची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. रोज शाळेतून आले की थोडं थोडं करून पाहायची. कधी बटाटा जास्त, कधी कोहळं. मामाजी दोन-चार चमचे घ्यायचे, तेही माझ्या शब्दाखातर.

पत्र टाकल्यापासून बाराव्या दिवशी उत्तर आलं. मासिकवाल्यांनी माझं पत्र लगेच पुढे पाठवलं होतं. इनलँडच्या कडेपर्यंत बारीक अक्षर. "ताई, शेंगदाणे चालतील. सालं काढा. पाण्यात चांगले उकळा आणि ते पाणी टाकून द्या. मग शिजलेल्या बटाट्याबरोबरच वाटा. वाटण वरून घालू नका, भाज्यांत घालून पुन्हा शिजू द्या. माझ्या आईला मी सहा महिने असंच देत होते. घाई करू नका, पण सोडूही नका."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वीज नव्हती आणि आमच्याकडे मिक्सरही नव्हता. पाटा धुऊन घेतला. उकडलेले दाणे आणि बटाटा वाटताना खांदे भरून आले. बोटाला कणी लागेनाशी होईपर्यंत वरवंटा खाली ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. मग कोहळं-गाजराबरोबर मंद आचेवर शिजवलं आणि पुरणाच्या चाळणीतून दोनदा गाळलं. रंग झेंडूसारखा. चमच्यावरून धार लागत होती, तुटत नव्हती.

मामाजींनी पहिला चमचा बराच वेळ तोंडात ठेवला. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. गिळलं. मग वाटी माझ्या हातातून स्वतःकडे घेतली.

"दूध हाय का याच्यात?"

"थेंब नाही."

"मंग हे असं काऊन लागते?"

मी सांगितलं. वाटी संपवून ते म्हणाले, "संध्याकाळी मीठ जरासं कमी टाकजो."

ते संध्याकाळीही मागणार आहेत, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले आणि उरलेले दाणे भिजत घातले.

पुढच्या तपासणीला नांदेडला गेलो तेव्हा काटा थोडा वर सरकला होता. डॉक्टरांनी काय देता ते विचारलं. मामाजीच सांगू लागले, अगदी चाळणीसकट. नळीचा विषय पुन्हा निघाला नाही. तीन महिने संपल्यावर त्यांनी भाजीच्या रसात कुस्करलेली चतकोर भाकर खाल्ली. 

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. सोलापूरच्या बाईंशी माझा पत्रव्यवहार त्याहून जास्त चालला. एका उन्हाळ्यात त्या बासरला सरस्वतीच्या दर्शनाला आल्या आणि आधी पत्रानं कळवून, वाट वाकडी करून आमच्याकडे उतरल्या. मी ओळख करून देण्याआधीच मामाजी खाटेवरून उठले, टोपी नीट केली आणि त्यांना बसायला स्वतः खुर्ची आणून दिली.