बाबांच्या बटणाची रेषा

सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला, की राजेंद्र नगरच्या घरातली ती दुपार आठवते. बाबांना लकवा मारला होता, बोलणं गेलं होतं; उजव्या हाताची बोटं मात्र जराशी हलतात, असं आई म्हणायची. म्हणून मी त्या बोटांखाली एक मऊ बटण बसवलं. दाबलं, की स्वयंपाकघरात घंटी वाजावी. ती वाजेना. दोष कुठे आहे ते पाहायला मी लॉजिक ॲनालायझर लावला. त्याला आठ तारा असतात आणि प्रत्येक तारेतला सिग्नल लॅपटॉपवर एकेका रेषेत दिसतो. बटणाला मी एकच तार जोडली होती. पडद्यावर रेषा थरथरताना दिसल्या, तशी आई कणकेच्या हातांनीच धावत आली. "देख, दाबताहेत ना ते! मी म्हणत नव्हते?" मी म्हटलं, "आई, त्या बाकीच्या सात तारा कशालाच जोडलेल्या नाहीत. आसपासच्या विजेनं त्यांच्या रेषा नुसत्या हलतात." आणि सॉफ्टवेअरमध्ये मी त्या सात रेषा गाळून टाकल्या. उरली एक, बटणाची. मी दाबलं की ती उसळायची. बाबांच्या बोटांखाली सपाट पडून राहिली. आई बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "त्या बाकीच्या वापस लावून दे ना, बेटा." मी लावल्या. ती खुर्ची ओढून बाबांजवळ बसली आणि पडद्याकडे बघत संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली. आता दोघंही नाहीत. त्या दुपारी मी तिला पुन्हा काही समजावायला गेलो नाही, एवढंच बरं वाटतं.