पोरीचं लग्न होईपर्यंत

प्लेगच्या पुढच्या वर्षी मला लकवा मारला. उजवं अंग गेलं. मोठ्या दवाखान्यात दीड महिना कसरत चालली. तिथल्या कसरतवाल्या बेन मला दोन दांड्यांच्या मध्ये उभं करून सकाळ-दुपार चालवायच्या. पंजा आधी टेकला की ओरडायच्या, "एडी पहेला, बेन, एडी!" टाच आधी. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "घरातल्या घरात फिरणं म्हणजे चालणं नाही. रोज बाहेर जायचं. बसलात तर गेलेलं परत येणार नाही."

मी बसले नाही. नवागामच्या आमच्या गल्लीतून रेल्वेखालच्या बोगद्यापर्यंत, गरनाळ्यापर्यंत, मुलगी मला रोज कमरेला धरून न्यायची. वर्षभराने तिने हात सोडला. मग मी एकटीच जायचे. पाय थोडा फेकला जायचा, पण येताना भाजी घेऊन यायचे.

दोन वर्षांनी मुलीला स्थळ आलं. मुलगा उधन्याचा, घरचे चार लूम. त्याची मावशी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. माझी नणंद म्हणाली, "वहिनीचा पाय कोणी पाहिला तर म्हणतील, लकवा ह्यांच्या घरातच आहे. पोरीलाही होईल."

मालकांनी मला सांगितलं, "पाहुणे बघून जाईपर्यंत बाहेर पडू नको."

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "थोडेच दिवस, आई."

पाहुणे यायच्या आधी नणंदेने मला कॉटवर बसवलं आणि पायांवर गोधडी टाकली. "बठी ऱ्हाय वहिनी. कोणी पाणी मागितलं तरी उठू नको."

मुलाच्या आईने मुलीला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. ती गेली, वळली, आली. मी तिच्या टाचांकडे बघत होते. किती सहज टेकत होत्या. मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई उठायचं नाव घेत नाहीत. आम्ही पसंत नाही वाटतं?"

नणंद हसून म्हणाली, "कालच मोरीत घसरल्या हो. शरीर तर बघताय, केवढं जड!"

सगळे हसले. मीही हसले.

स्थळ ठरलं. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर धरलं, अजून पाच महिने होते. मावशीबाई कधीही डोकवायच्या, त्यामुळे मी आतच. कॉटपासून स्टोव्हपर्यंत चार पावलं, तेवढीच. एकदा पहाटे गल्लीत कोणी नाही असं बघून नळापर्यंत गेले. मुलगी मागून धावत आली आणि दंडाला धरून मला ओढत घरात घेऊन गेली.

"माझं लग्न मोडायचंय का तुला?"

ती रडायला लागली. मीच तिची माफी मागितली. मग मी खोलीतही फारशी उठेनाशी झाले. लग्नात अक्षतासुद्धा खुर्चीत बसून टाकल्या.

ती सासरी गेल्यावर चौथ्या दिवशी मी गरनाळ्याकडे निघाले. गल्लीतल्या तिसऱ्या दारापाशी पंजा लोंबला, टाच टेकेना, आणि पडले. महिनाभर रोज निघत होते. तिसऱ्या दाराच्या पुढे गेले नाही.

लकव्याचं जावयांना लग्नानंतर कळलं. "जुनं आहे, चालत होती चांगली," एवढंच मुलीने त्यांना सांगितलं होतं. माणूस भला. श्रावणात स्वतः रिक्षा करून मला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. मुलगी आणि मालक बरोबर होते.

बेननी माझा पाय उचलून पाहिला, सोडून दिला. "किती छान चालत होतात तुम्ही. कोणी बसवलं?"

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. मुलीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ऐकतच नाही ती, बेन. कितीदा सांगितलं, चाल म्हणून. आळस करते."

"आळशीच आहे पहिल्यापासून," मालक म्हणाले.

बेन सगळ्यांसमोर मला रागावल्या. दीड महिना माझ्यावर घालवलेली मेहनत फुकट गेली म्हणाल्या. आता घरातल्या घरात, काठी धरून, त्यापुढे आशा धरू नका. मला बोलायचं होतं. जावई शेजारीच उभे होते. मी मान हलवली.

जावयांनी आधार देऊन मला रिक्षात बसवलं. मुलीने माझा पदर नीट केला.

"आता तरी रोज चाल हं, आई," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.