मूळ मीटर पडल्याची गोष्ट

काटाकाका चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्या चौतीस वर्षांत दुकानदार त्यांना घाबरले आणि ते दुकानदारांना घाबरले. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवल्यामुळे खात्याचा कारभार सुरळीत चालला. तराजूचा काटा मधोमध थांबेपर्यंत ते श्वास रोखून उभे राहायचे. बघणाऱ्याला तो करारीपणा वाटे. प्रत्यक्षात, काटा थांबला नाही तर समोरच्याला काय सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करत असत. नाव मात्र तिथूनच पडलं आणि असं चिकटलं की खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांना माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर घाबरायला दुकानदार उरले नाहीत. मग ते जिन्याला घाबरू लागले, फोनच्या घंटीला घाबरू लागले. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले की त्या ‘काही नाही’ला घाबरू लागले. बायको म्हणायची, “अहो, तुम्ही झोपेत कूससुद्धा परवानगी मागून बदलता.”

अशा माणसाच्या हाती वस्तीने मूळ मीटर दिला, यात वस्तीची चूक नव्हती. इतका जपून वागणारा माणूस चार गल्ल्यांत दुसरा नव्हता.

त्याचं असं झालं, की शहराला ‘स्मार्ट’ म्हणायचं ठरलं तेव्हा नगरपालिकेने फलक लावले आणि बाकीचं काम लोकांवर सोडलं. लोकांनी ते मनावर घेतलं. नऊ वस्त्यांतल्या हौशी रहिवाशांनी आपल्याला लागणारी उपकरणं आपणच बनवायला सुरुवात केली. टाकी भरल्याचं सांगणारं एक, नाला तुंबला की बोंब मारणारं दुसरं. सगळ्यांत जास्त घरांत पोचला तो विषारी वायूचा मीटर. गिझर, शेगडी, बॉयलर यांतलं काही नीट जळलं नाही की जो वायू साठतो त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस आपणहून उठत नाही. मीटरवर आकडा दिसे. पन्नासच्या आत हिरवा दिवा, वर गेला की लाल आणि किंकाळी.

एका वस्तीकडे सगळं सामान असणं शक्य नव्हतं. एकीकडे प्लॅस्टिकचे डबे छापणारं यंत्र, दुसरीकडे तारा जोडायचं टेबल, तिसरीकडे कॉलेजने टाकून दिलेला संगणक, ज्यावर सगळ्या मीटरांचा नकाशा चाले. म्हणून त्यांनी साखळी केली. एकाकडे आहे ते सगळ्यांचं, आणि हलवता येईल ते पंधरा-पंधरा दिवसांनी पुढच्या वस्तीत जाणार. या फिरत्या सामानात मूळ मीटर म्हणजे घरातला थोरला. घरी बनवलेले मीटर काही महिन्यांनी बहकतात. तेव्हा त्यांना काचेच्या पेटीत ठेवायचं, पेटीत थोडा वायू सोडायचा, मूळ मीटर बाहेरून नळीने तीच हवा ओढून आकडा सांगणार, आणि बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी जुळवून घ्यायचे. नऊ वस्त्यांमध्ये खरं काय ते या एकट्याला ठाऊक.

काकांना ही व्यवस्था पटली. खात्यातही असंच एक मूळ वजन कपाटात असे. फरक एवढाच, की ते कपाटातून हलत नसे, आणि हे पिशवीत घालून जिन्याने न्यायचं होतं.

जिन्यातच ते पडलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवीचा बंद सुटला आणि मूळ मीटर चार पायऱ्या उतरला. काकांनी तो उचलला, फुंकर मारली, सुरू केला. आकडे आले. ओरखडासुद्धा नव्हता. काका पायरीवर बसले आणि आपल्याला कुणी पाहिलं का ते पाहिलं.

लपवायचं असं त्यांनी काही ठरवलं नाही. उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस घरांचे मीटर जुळवायला आले, लोक रांगेत उभे होते, आणि ‘काटाकाका आहेत म्हणजे प्रश्नच नाही’ असं तिघांनी म्हटल्यावर त्यांनी पहिला मीटर पेटीत ठेवला. एकेचाळीसच्या एकेचाळीस मीटर त्यांनी जुळवले. मग मूळ मीटर पुढच्या वस्तीकडे रवाना झाला. सोबतच्या पत्रिकेत ‘स्थिती’ असा रकाना होता. तिथे काकांनी सुवाच्य अक्षरात ‘ठीक’ लिहिलं. खात्यात त्यांनी हजारो शिक्के मारले होते, पण न तपासता लिहिलेलं हे पहिलंच.

त्यानंतर नकाशा इतका हिरवागार झाला की नगरपालिकेच्या साहेबांनी तो पाहुण्यांना दाखवायला मोठ्या पडद्यावर लावला.

काकांनी स्वयंपाकघरात जाणं सोडलं. कारण सोपं होतं. तिथला मीटर कपाटाच्या वर टांगलेला होता आणि जुळवायला काढायचा म्हटल्यावर बायको म्हणाली होती, “तुम्ही स्टुलावर चढणार असाल तर आधी मला माझ्या भावाकडे जाऊ द्या.” म्हणून तो एकटा जुन्या आकड्यांवर राहिला होता. हॉलमधला नव्याने जुळवलेला मीटर त्याच्या शेजारी नेऊन ठेवला असता तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. काका अकरा दिवस दाराबाहेरूनच चहा मागत होते.

“अहो, आत काय वाघ बसलाय का?” बायकोने विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. वाघ असता तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी सकाळी थोरल्या मुलीचा फोन आला. आठ मिनिटांच्या अंतरावर तळघरात तिची लाँड्री होती. गॅसचा बॉयलर, वाफेच्या इस्त्र्या, आणि कामाला एक बाई. बायको पोळ्या लाटत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला होता.

“आई, डोकं नुसतं ठणकतंय गं. आठवडा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिलाय.”

“चष्म्याने काय होतंय? झोप काढ जरा.”

“तेच करतेय. थंडी आहे ना, शटर अर्धं ओढून घेते आणि पडते. पण उठल्यावर जास्तच गरगरतं. इस्त्रीवालीचंही तेच.”

“अगं, मग तो मीटर बघ ना एकदा!”

“बघते की. हिरवा आहे. बाबांनीच तर जुळवून दिलाय.”

काका वर्तमानपत्रामागून सगळं ऐकत होते. फोन बंद झाला. ते उठले, हॉलमधला मीटर भिंतीवरून काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन, कुणाला काही न विचारता, स्टुलावर चढले. बायकोच्या हातातलं लाटणं हवेतच राहिलं. ओट्यावर शेगडी पेटलेली होती. दोन मीटर शेजारी-शेजारी धरले. हॉलमधला म्हणत होता नऊ. कपाटावरचा म्हणत होता सत्तावीस.

“गॅस बंद कर. खिडकी उघड.”

“अहो, झालं काय?”

“मी पाडला.”

“काय पाडलं? कधी?”

“मीटर. सगळ्यांचा.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग पिठाच्या हातानेच मुलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

काका सिग्नल हिरवा झाल्यावरही दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडणारे गृहस्थ होते. त्या दिवशी त्यांनी तीन रस्ते कुठेही न पाहता ओलांडले. एका रिक्षावाल्याने त्यांचा उद्धार केला, तो त्यांच्या कानापर्यंत पोचला नाही. हातात कपाटावरचा मीटर होता आणि डोक्यात नवाला तिनाने गुणणं चाललं होतं. अठ्ठेचाळीस हिरवा असतो. अठ्ठेचाळीस त्रिक किती, हे त्यांना येत होतं. पण उत्तर मनात येऊ नये म्हणून ते पुन्हा नवापासून सुरुवात करत होते.

लाँड्रीचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले तोच हातातला मीटर किंचाळला. तिसऱ्या पायरीवर शंभर. खाली पोचले तेव्हा एकशे सेहेचाळीस. समोर भिंतीवर त्यांनी स्वतः जुळवलेला मीटर शांतपणे सत्तेचाळीस दाखवत होता, हिरवा. इस्त्रीवाली टेबलावर डोकं टेकून बसली होती. मुलगी चादरींच्या ढिगावर झोपली होती, आणि तिचा फोन शेजारी लुकलुकत होता.

“ए, ऊठ! ऊठ म्हणतो ना!”

“बाबा?… पाच मिनिटं. ओरडताय काय? हिरवा आहे तो.”

“हिरवा खोटा आहे. चल वर.”

“तुम्हीच लावलाय ना?”

“म्हणूनच म्हणतोय!”

दोघींना त्यांनी कसं वर आणलं हे त्यांना नंतर कधी नीट सांगता आलं नाही. एकीला दंडाला धरून ओढली, दुसरी स्वतःच्या पायांवर आली पण पाय तिचं ऐकत नव्हते. इस्त्रीवाली फुटपाथवर बसून ओकली. काकांनी शटर वर ढकललं, श्वास कोंडून पुन्हा खाली गेले, बॉयलरची चावी फिरवली आणि वर आल्यावर मांड्यांवर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यभर श्वास रोखायची सवय एवढ्यापुरती उपयोगी पडली.

काकांनी फोन केल्यावर अँब्युलन्स आली. दोघींच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क चढले. अँब्युलन्सवाल्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. “वेळेवर आलात हो. बाप असावा तर असा.”

यापेक्षा त्याने कानाखाली मारली असती तर काकांना उभं राहणं सोपं गेलं असतं.

मुलीने मास्कवरून डोळ्यांनीच विचारलं. काकांनी सांगितलं. जिना, चार पायऱ्या, रांग, ‘ठीक’. मास्कमुळे तिला बोलता येत नव्हतं, याबद्दल ते मनोमन मास्कचे आभार मानत होते. पण तिने मास्क खाली ओढला.

“बाबा, बाकीचे चाळीस कुठे आहेत?”

“घराघरांत.”

“मग इथे काय करताय?”

साखळीचं सगळं जुळवाजुळवीचं काम बघणारी एक इंजिनिअर बाई होती. वयाने काकांच्या धाकट्या मुलीएवढी, पण सगळे तिला ताई म्हणत. काकांनी अँब्युलन्सच्या दाराला टेकून तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मूळ मीटर आता ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारते. थांबा, फोन ठेवू नका.” पलीकडे बोलण्याचा, मग पाण्याचा आवाज. “काका? नळी जिथे आत शिरते तिथे चीर आहे. साबणाचं पाणी लावून नळीत फुंकल्यावर बुडबुडे येतायत. पेटीतल्या हवेबरोबर खोलीतली हवाही ओढत होता. तिथेही छत्तीस जुळवून झालेत.”

काकांनी गाडीचा दांडा घट्ट धरला. सत्त्याहत्तर घरं.

“मी सगळ्यांना मेसेज टाकते,” ताई म्हणाली. “तांत्रिक कारणामुळे मीटर तपासणीसाठी परत घेत आहोत, असं. तुमचं नाव नको घालायला. उगाच लोक…”

तांत्रिक कारण. किती मऊ, उबदार शब्द. काकांना तो अंगावर ओढून घ्यावासा वाटला.

“ताई, तांत्रिक कारण वाचून तुम्ही कधी खिडकी उघडलीय का?”

“मग काय लिहू?” ताईने विचारलं.

“असं लिहा. मूळ मीटर माझ्या हातून पडला. मी सांगितलं नाही. तुमचा हिरवा दिवा खोटा असू शकतो, आत्ता गिझर-शेगडी बंद करा, खिडक्या उघडा. माझी मुलगी अँब्युलन्समध्ये आहे. आणि खाली काटाकाका लिहा. खरं नाव लिहिलंत तर कुणाला कळणार नाही.”

“काका, नक्की?”

“पाठवा, नाहीतर माझा विचार बदलेल.”

मेसेज गेला. मिनिटभरात काकांच्या खिशातला फोन वाजायला लागला. तो त्यांनी बायकोच्या हातात दिला. ती पिठाच्या हातांनीच धापा टाकत पोचली होती. मुलीबरोबर अँब्युलन्समध्ये चढता चढता ती फोनवर कुणालातरी म्हणत होती, “शिव्या मग द्या हो, आधी खिडकी उघडलीत का ते सांगा.”

काका घरोघर निघाले. सगळेच काही मेसेज वाचत नाहीत. म्हातारी माणसं तर वाचतच नाहीत. पहिल्या इमारतीत चार दारं उघडली. चारही ठिकाणी काकांनी तेच वाक्य म्हटलं आणि मीटर काढून पिशवीत टाकला. एका शिक्षकाने दार लावून घेतलं. एक शिंपी म्हणाला, “तुम्ही? अहो, तुम्ही?” तो तेवढंच म्हणत राहिला.

पाचवं दार तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे एक निवृत्त नर्स एकटी राहायची. न्हाणीघरात गॅसचा गिझर, हे काकांना माहीत होतं. मीटर जुळवून देताना तिनेच सांगितलं होतं. त्यांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आतून पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा, नळ कुणी सोडून दिल्यासारखा. काकांनी दारावर मुठी आपटल्या. मग खांदा मारून पाहिला. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं. पाणी वाहतच होतं. काकांना वाटलं, आता या आवाजापुढे आपल्याला आयुष्यात दुसरं काही ऐकू येणार नाही.

पाणी थांबलं. दार उघडलं, तसा काकांच्या पिशवीतला कपाटावरचा मीटर किंचाळायला लागला. नर्सच्या केसांत साबण होता, अंगावर उलटा घातलेला गाऊन.

“आंघोळ करायची चोरी झाली का हो? दार मोडताय की काय?”

काका दाराची चौकट धरून खाली बसले. बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता मागे जाऊन गिझर बंद केला, दोन्ही खिडक्या ढकलल्या, परत येऊन त्यांची नाडी धरली आणि स्वतःचं ठणकणारं कपाळ दाबत म्हणाली, “तरीच. मला वाटत होतं वय झालं.”

“मला माफ…”

“ते नंतर. मी तुम्हाला चांगलं फैलावर घेणार आहे, आत्ता वेळ नाही. वर किती घरं?”

“सहा. सहाव्यातल्या आजींना ऐकू येत नाही.”

“मला ठाऊक आहे. त्यांची दुसरी किल्ली माझ्याकडे असते.” तिने डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. “उठा. तुम्ही बेल वाजवा, मी ओरडते. तुमचा आवाज दारापलीकडे जात नाही.”

कठडा न धरता काका तिच्या मागून जिना चढू लागले, कारण एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात किंचाळणारा मीटर. तो त्यांनी पुढे, सगळ्यांच्या आधी वर पोचेल असा धरला होता.