पाण्यावर बांध नसतो

बाबांच्या लहानपणी धरण झालं आणि आमची काळी जमीन पाण्याखाली गेली. उरला तो काठावरचा मुरमाड तुकडा, आणि त्यावर धरणाच्या ठेकेदारानं सिमेंट ठेवायला बांधलेल्या दोन खोल्या. काम संपल्यावर ठेकेदार निघून गेला. मी नांदेडला शिकून घरी परतले तेव्हा त्या खोल्यांत वटवाघळं राहत होती.

सुट्टीच्या दिवशी नांदेडहून, कधी हैदराबादहून हौशी लोक गळ घेऊन यायचे. दिवसभर उन्हात बसायचे, डब्यातलं गारढोण खायचे, आणि राहायची सोय नाही म्हणून अंधार पडायच्या आत निघायचे. एकदा त्यांच्याकडं बघत बाबा म्हणाले, "पाण्यानं आपली जमीन खाल्ली. आता आपुन पाण्याचं खायाचं."

मला वाटलं, गंमत करून राहिलेत. दुसऱ्या दिवशी ते कुदळ-घमेलं घेऊन खोल्यांपाशी हजर. आम्ही तिघांनी मिळून वटवाघळांची घाण काढली, भिंतींचा पोपडा खरवडला, चुना मारला. उडालेले पत्रे बदलले, खाली शहाबादी फरशी बसवली. पाण्याच्या बाजूला भिंत फोडून ओसरी काढली. दोन खोल्या पाहुण्यांना, मागं एक पडवी स्वयंपाकाला.

मायनं जन्मात मासा खाल्ला नव्हता. पलीकडच्या काठावर मासेमारांची वस्ती आहे, तिथल्या एका मावशीनं तिला मरळ सोलायला शिकवली. पहिल्या दिवशी माय पदर नाकाला लावून बसली होती. आठवड्याभरात पदर खाली आला. येसराचा मसाला घालून केलेला तिचा रस्सा लोक ताट पुसून खायला लागले. ती स्वतः मात्र आजही चाखत नाही. मीठ बरोबर आहे का ते मला विचारते.

पहिले पाहुणे आले आणि तिसऱ्याच दिवशी मोठे बाबा आले. बाबांचे थोरले भाऊ. भावकीत त्यांच्या शब्दाला वजन. ओसरीत बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"शेतकऱ्याच्या घरात मासे शिजवून इकायचे? हे मासेमाराचं काम हाय, आपलं न्हाई."

"मासेमाराचं काम वाईट हाय का?" बाबांनी विचारलं.

"पोरगी लग्नाची हाय तुझी. खानावळवाल्याची पोर कोन करून घेईल?"

मी आत भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच बाहेर आले आणि म्हणाले, "माझं नाव पुढं करू नका, मोठे बाबा. खानावळीच्या पाटीला रंग मीच दिलाय."

ते तसेच वळून निघून गेले. चार दिवसांनी त्यांनी जेसीबी आणला आणि आमच्याकडं येणारा रस्ता जिथं त्यांच्या वावरातून जातो, तिथं आडवा चर खोदला. माणूस उतरून चढेल, पण गाडी येणार नाही असा.

त्याच दिवशी हैदराबादचे लोक यायचे होते. त्यांचा फोन आला. चराच्या पलीकडं गाडी उभी, गाडीत म्हातारे आईवडील. बाबांनी कुदळ उचलली. माय दारात आडवी उभी राहिली.

"कुठं निघाले?"

"चर बुजवायला."

"मंग ते पुन्ना खोदतील. तुमी पुन्ना बुजवा. जन्म जाईल." मग ती माझ्याकडं वळली. "मावशीला फोन लाव. म्हनाव, होडी घेऊन या. वावरात त्यायचा बांध असंल. पाण्यावर कोनाचा बांध हाय?"

कंधारच्या रस्त्याला एका वळणावर धरणाचं पाणी अगदी डांबराजवळ येतं. पाहुण्यांना मी तिथं गाडी लावायला सांगितली. मावशी आणि तिचा नवरा होडी घेऊन आले. म्हातारबाबा आधी घाबरले, मग मध्यावर पोचल्यावर पाण्यात हात घालून बसले. काठाला उतरल्यावर म्हणाले, पुढच्या वेळी रस्ता असला तरी आम्ही असेच येणार.

मी फोटो टाकले. त्यानंतर लोक आधी होडीचं विचारायचे, मग मासळीचं. मावशीच्या घराला कायमचं काम मिळालं. मोठे बाबा बांधावर उभे राहून ये-जा बघायचे. माय त्यांना दिसेल अशी मुद्दाम ओसरीत बसून मासळी निवडायची.

त्या हिवाळ्यात लातूरहून चारपाच जणांचा गट आला. होडीतून उतरलेल्या पहिल्या माणसाला बघून बाबा थबकले. मोठ्या बाबांचे जावई! मित्रांनी सगळं ठरवलं होतं, ही जागा सासऱ्याच्या शेजारची आहे हे त्यांना होडीत बसेपर्यंत कळलंच नव्हतं. बाबांनी जावयाचा मान म्हणून पाय धुवायला पाणी दिलं आणि स्वतः वाढलं. जेवताना जावयांनी विचारलं, "काका, सरळ रस्ता असताना होडी कशाला?"

"तुमच्या सासऱ्याला इचारा," बाबा एवढंच म्हणाले.

त्यांनी विचारलं असणार. कारण पंधरवडा उलटला नाही तोच चर बुजला. मोठ्या बाबांनी गड्याकडून निरोप धाडला, आता गाड्या येऊ द्या म्हणावं.

"येऊ दे," बाबा म्हणाले. "पण आभार मानाया मी जानार न्हाई. रस्ता माझ्या बापाच्या येळंचा हाय."

ते गेले नाहीत. मोठे बाबाही आमच्या ओसरीत कधी आले नाहीत. होडी चालूच आहे.

मागच्या महिन्यात नायगावकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरीचा. त्याच्या मामांनी फोनवर बाबांना सांगितलं, "लग्नाआधी तेवढं मासळीचं बंद करा, पाहुण्यांत बरं दिसत नाही." बाबांनी फोन माझ्याकडं दिला.

मी म्हणाले, "मामा, खानावळ मी चालवते. मुलाला चालत असेल तर त्यानं एकदा इथं येऊन जेवावं. नसेल चालत, तर तुमचाही वेळ जायला नको."

मामांनी फोन ठेवला. मुलगा अजून आलेला नाही. मायला थोडं वाईट वाटलं, ते मला दिसलं. पण ती म्हणाली, "बरं केलंस," आणि आम्ही दोघी तिसऱ्या खोलीसाठी आलेल्या विटा उतरवून घ्यायला गेलो.