पुलाच्या मोटारीचं बिल

क्लोरीनचा वास आला की मला दौलताबादजवळचं ते फार्महाऊस आठवतं, जिथं आम्ही वर्षभर भाड्यानं राहिलो. मागं छोटा स्विमिंग पूल आणि कुंपणापलीकडं मालकांची मोसंबीची बाग. पुलाची साफसफाई आमच्याकडं, वीजबिलही आमच्याकडंच, आणि ते बिल महिन्यागणिक फुगत चाललेलं. मालककाका म्हणायचे, "पुलाची मोटार लई वीज खाती, त्याला मी काय करू?" एका रविवारी काका पुलापाशी आले आणि पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "काका, आता इथंच थांबा," म्हणत मी घराचा मेन स्विच खाली ओढला. पुलाची मोटार घरघरत थांबली. तेवढ्यात बागेतून काकूंची हाक आली, "अवो, झाडाचं पाणी बंद झालं! लाईट गेली का?" म्हणजे बागेची मोटारसुद्धा आमच्याच मीटरवर! मी टाळ्याच पिटल्या. काकांनी एकदा पुलाकडं बघितलं. मग त्यांनी टोपी आणि सदरा काढून खुर्चीवर ठेवला. "आता बिल मीच भरायचं नव्हं? मग पोहू तरी द्या!" म्हणत त्यांनी धपकन उडी घेतली आणि मला नखशिखांत भिजवलं. आता लेकीच्या पोहण्याच्या क्लासला तो वास येतो, तेव्हा माझा हात आपोआप भिंतीवरचा मेन स्विच शोधायला लागतो.