निळू कोण?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हातातला घास हातातच राहतो.

तेव्हा मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना पन्नाशीचा एक माणूस आत आला. टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने आईवडिलांना कोकणात पाठवलं होतं. जन्मात समुद्र न पाहिलेली ही दोघं शिडाच्या होडीत बसली, किल्ल्याच्या एका जुन्या बंदरगावात उतरली आणि तिथून बायको बेपत्ता झाली. तिचा मोबाईलही याच्याच पिशवीत. संध्याकाळपर्यंत शोधून, ती दुसऱ्या गाडीने पुढे गेली असेल असं समजून हा परतला, तर घराला कुलूप.

मी मिसिंग नोंदवली, वर्णनाचा कागद स्वतः भरला आणि फोटोसह तिकडच्या ठाण्याला पाठवला.

दुपारी फोन आला. त्याच होडीतला एक सोलापूरकर, नाव न सांगता म्हणाला की दोघांचं होडीत कडाक्याचं भांडण झालं होतं. हे नवऱ्याने मला सांगितलं नव्हतं. पोलिसाच्या नाकाला एवढा वास पुरतो. परत बोलावून विचारलं तेव्हा कबूल झाला. होडी हलायला लागल्यावर बायकोला उलटी झाली, हा चारचौघांत हसला, ती चिडली आणि उतरल्यावर मुद्दाम मागे राहिली. सांगायची लाज वाटली म्हणे. मला पटलं नाही. बायको बेपत्ता तर आधी नवरा, हे आमचं पहिल्या वर्षापासूनचं पाठांतर. तिकडे जाऊन शोधू द्या म्हणून तो हात जोडत होता. शहर सोडायचं नाही, असं मी दरडावलं.

संध्याकाळी तिकडच्या हवालदाराने कळवलं, किल्ल्याच्या पायऱ्यांवरून पडलेली एक अनोळखी बाई सरकारी दवाखान्यात आहे. चेहरा सुजलाय, फोटोवरून ओळख पटत नाही. मराठी येत नाही, सारखी कुणा निळूला बोलावते. मी कागद पाहिला. भाषेच्या रकान्यात मराठी. बाईचा विषय न काढता नवऱ्याला एवढंच विचारलं, तुमच्यात निळू कोण? कोणी नाही, म्हणाला. ही आमची नव्हे, असं मी हवालदाराला कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दुपारपर्यंत तेच प्रश्न, तीच उत्तरं. बाहेर सोलापूरचं ऊन. बोलता बोलता त्याची मान खाली गेली आणि शिपायाकडे बघून तो पुटपुटला, "नीळ्ळू... कोंचम नीळ्ळू."

मी खुर्चीतून उठलो. "कोण निळू?"

"थोडं पाणी, साहेब," तो घाबरून म्हणाला. "आमच्यात पाण्याला नीळ्ळू म्हन्तेत. घरात आमी तेलुगूच बोलतो की."

तो माझ्याशी मराठीत बोलला, म्हणून मी मराठी लिहून मोकळा झालो होतो. तीही एरवी मराठी बोलायची, डोक्याला मार लागल्यावर घरची भाषा तेवढी उरली. या भागात घरोघरी तेलुगू बोलतात हे माळशिरसकडून येऊन इथे सात वर्षं काढलेल्या मला माहीत नव्हतं असं नाही. विचारायचं सुचलं नाही.

फोन लावला. बाई सकाळीच गेली होती.

त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेलो. पायातल्या जोडव्यांवरून त्याने तिला ओळखलं. कागदांवर सही करताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल सोडला असता तर भेट झाली असती की."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढे प्रत्येक मिसिंगला मी आधी घरची भाषा विचारत आलो. वरिष्ठांनी बैठकीत त्याचं कौतुक केलं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी झालो असेन, पण त्या शहाणपणाची किंमत तिने भरली. ज्याची वाट बघत ती गेली, तो माझ्या ठाण्यात बाकावर बसला होता, आणि त्याला बसवून ठेवणारा मी होतो.