रत्नाचा हात आणि दोन शोरूम

भांडुप मागे पडलं तरी रत्नप्रभा काही बोलली नव्हती. मुलुंडहून आम्ही दोघी अनवाणी निघालो होतो, घाटकोपरच्या देवीला. नवरात्रातली नवमी. दरवर्षी हा रस्ता बडबडीत कधी संपायचा ते कळायचं नाही. त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, ती नुसती रस्त्यावरच्या गाड्या बघत चालली होती. जपानी बनावटीचा एक नवा छोटा ट्रक आमच्या बाजूनं गेला. एरवी तिनं नाक मुरडलं असतं. आज तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

"भक्कम वाटतो गो," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. जपानी गाडीबद्दल तिच्या तोंडून बरा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रत्ना माझी चाळीतली शेजारीण. तिचा नवरा दशरथ गिरणीत होता. संपात नोकरी गेली, तेव्हा तो मुलुंडला जीपच्या एका शोरूममध्ये ड्रायव्हर म्हणून लागला. तिथं जीप आणि जीपचे पिकअप विकत. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना सवाष्णीनं ती ओवाळायची, ही तिथल्या शेठची पद्धत. ते काम शेठाणी करायच्या. एकदा त्या गावाला गेल्या होत्या म्हणून दशरथ रत्नाला घेऊन गेला. तिनं गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली.

ती गाडी भाजीवाल्या धोंडिरामची. पुढच्याच महिन्यात ती कसारा घाटात उलटली, आणि हा माणूस कपडे झटकत बाहेर आला. पेढे घेऊन थेट रत्नाच्या दारात. वहिनींचा हातगुण चांगला आहे, असं त्यानं सगळ्या भाजी मार्केटात सांगितलं. मग गिऱ्हाइकं आधी तिची चौकशी करायची आणि नंतर गाडीची. सेल्समनही तयारीचे. अंधेरीच्या शोरूमचे जपानीवाले सीट कव्हर फुकट देतात, आमच्याकडे रत्नाबाईंचा हात मिळतो, असं बिनदिक्कत सांगायचे.

अंधेरीवाल्यांनी तिच्याकडे साडी देऊन माणूस पाठवला होता. रत्नानं त्याला चहा पाजला आणि साडी परत दिली. तेव्हापासून कंपनी तिच्या अंगातच भिनली. चाळीत कुणी सामानाला टेम्पो ठरवला तर ही गॅलरीतून विचारायची, कुठल्या कंपनीचा? आमचं कपाट 'त्यांच्या' गाडीतून आलं, तर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आणि तिच्या सख्ख्या भावानं जपानी गाडी घेतली. लवू वर्सोव्याला राहायचा. कोळणींची मासळी भाड्याच्या टेम्पोनं बोरिवलीला पोचवायचा. स्वतःची गाडी घ्यायची ठरल्यावर रत्नानं त्याला परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, ताई, बर्फाच्या पेट्या वाहायला मागं मोठा हौदा लागतो, तो तुमच्या जीपला नाही, तिथं माया काय कामाची? पण माया त्यालाही सुटत नव्हती. दसऱ्याला दहाच्या मुहूर्तावर गाडी अंधेरीहून निघणार होती, आणि ताईनं ओवाळल्याशिवाय ती जागची हलवणार नाही असं म्हणून तो बसला होता. आईवडील गेलेले. ही एकटीच बहीण.

शेठच्या कानावर ते गेलंच. त्यांनी दशरथला बोलावून अगदी शांतपणे सांगितलं, त्याच मुहूर्तावर आपल्याही दारात गाड्या उभ्या असतील. बाई तिकडे गेल्या तर दुसऱ्या दिवसापासून तूही तिकडेच जा. दशरथनं घरी येऊन बायकोला हे सांगितलं, तू ठरव म्हणाला आणि रेडिओ मोठा केला.

लवूचं आणि शेठचं हे सगळं तिनं मला विक्रोळी येईपर्यंत सांगितलं.

"मला एक सांग," रत्ना म्हणाली. "धोंडिराम वाचला तो कशानं?"

"देवीनं वाचवला," मी म्हटलं.

"मग देवीची कंपनी कुठली?"

तिचं चालूच होतं. शेठ गाडी विकताना म्हणतात, हात रत्नाबाईंचा. तीच गाडी दुरुस्तीला आली की म्हणतात, गाडीचा सांगाडा, चासी मजबूत म्हणून वाचलात. दशरथ म्हणतो, धोंडिराम बुटका म्हणून वाचला. हात माझा असेल तर तो कुठल्याही गाडीला लागेल. चासीच असेल तर मी इतकी वर्षं काय करत होते? लवूची गाडी माझ्याशिवाय निघाली आणि काही झालं तर? आणि भावाची गाडी ओवाळून नवऱ्याची नोकरी गेली, तर तो हातगुण कसला?

ऐकून माझंही डोकं चक्रावलं. देवीला विचार, ती सुचवेल, एवढंच मला म्हणता आलं.

"देवीपुढं मला रडू येतं. सुचत काही नाही."

देवळाबाहेरच्या नळावर आम्ही पाय धुतले. बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. रांगेत उभं राहायच्या आधी तिनं मला हाताला धरून बाजूला घेतलं.

"उद्या शोरूमवर तू जा. सांग, रत्नाला सकाळीच अडचण आली. बायकांचं म्हटल्यावर शेठ पुढं विचारायचे नाहीत. माझ्या जागी तू ओवाळ, तूही सवाष्णच. मी लवूकडे जाते."

दसऱ्याच्या दिवशी खोटं बोलायचं, तेही ह्या गोष्टीवरून, आणि लगेच हातात निरांजन घ्यायचं. मी म्हटलं, लोक तुझ्या हातासाठी येतात, त्याचं काय?

"तेच तर गो. तुझ्या हातानं त्या गाड्या नीट चालल्या, तर मी सुटले. मग मी नुसती दशरथची बायको आणि लवूची बहीण."

"आणि नाही चालल्या तर?"

तिनं रांगेकडे बघितलं.

"तसं नको ना बोलू," ती म्हणाली. "जाशील की नाही ते आत्ता सांग. आत देवीसमोर उभी राहिले, की मला तुझ्याकडे हे मागता यायचं नाही."